कडी लावली, खिडकी उघडी

दिवाळीच्या सुट्टीत जुने विद्यार्थी भेटायला येतात. जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांना हे नवे नाही. पुण्याची रात्रीची गाडी पहाटे स्टँडवर लागते आणि दुपारपर्यंत ‘सर, घरी आहात का?’ असा फोन येतो. मागच्या दिवाळीत अशीच एक विद्यार्थिनी आली. फराळ झाला, चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली, तरी ती उठेना. मग तिने खरी गोष्ट सांगितली.

पहिल्या नोकरीत तिचा जो वरिष्ठ होता, त्याच्या वागण्याला कंटाळून तिने ती नोकरी सोडली होती. त्यानंतर तो तिला लिंक्डइनवर निरोप पाठवू लागला. तिच्या पानावर कोण येऊन गेले याची जी यादी तिथे दिसते, तीत त्याचे नाव दर दोन-तीन दिवसांनी असे. तिने त्याला ब्लॉक केले आणि सुटकेचा श्वास घेतला. पुढे तिला दुसऱ्या कंपनीत जागा मिळाली. रुजू होऊन आठ दिवस होतात न होतात, तोच नव्या कार्यालयाच्या ईमेलवर त्याचे अभिनंदनाचे पत्र आले.

“सर, मी तर त्याला ब्लॉक केलं होतं. मग त्याला कळलं कसं?”

मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. नंतर ते शोधले. आपल्या वर्गांतली मुले आता अकरावी-बारावीतच अशी पाने उघडू लागली आहेत आणि ‘ब्लॉक’ या शब्दाबद्दल त्यांच्या (आणि आपल्याही) मनात बरेच गैरसमज आहेत, म्हणून हा लेख.

लिंक्डइन हे नोकरी-व्यवसायापुरते ओळखी जोडण्याचे संकेतस्थळ मे २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. २०१६ साली ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. सभासदसंख्येत अमेरिकेच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. प्रत्येक सभासदाचे तिथे एक प्रोफाइल, म्हणजे परिचयपान असते. नाव, छायाचित्र, शिक्षण, आजवरच्या नोकऱ्या, सध्याची कंपनी आणि गाव एवढे तर त्यात असतेच. इतर ठिकाणी माणूस टोपणनावाने वावरू शकतो. इथे खऱ्या नावाने, खऱ्या हुद्द्याने आणि ठळकपणे दिसणे हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू असतो. खानदेशातल्या मुलामुलींना याचे महत्त्व जास्त. ज्यांच्या घरात पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत ओळखीचे कोणी नाही, त्यांना हे पान म्हणजे ओळखीची चिठ्ठीच वाटते. त्यामुळे ‘त्रास होतो ना, मग पान बंद करून टाक’ हा वडीलधारा सल्ला तिला उपयोगाचा नव्हता. पान बंद केले की नोकरीची वाटही बंद.

या स्थळावर माणसे ‘पहिल्या’, ‘दुसऱ्या’ आणि ‘तिसऱ्या’ पायरीच्या ओळखीची असतात. माझ्या ओळखीचा तो पहिला, त्याच्या ओळखीचा तो दुसरा. ही कल्पना जुनीच आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक प्रयोग केला होता. अनोळखी माणसापर्यंत एक पाकीट पोचवायचे, पण ते फक्त आपल्या प्रत्यक्ष ओळखीच्या माणसाकडे द्यायचे, त्याने पुढे त्याच्या ओळखीच्याकडे. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २९६ पैकी ६४ पाकिटे मुक्कामी पोचली आणि त्यांना मध्ये सरासरी पाचच माणसे लागली. पोचली ती फारच थोड्या हातांतून पोचली, हे लक्षात ठेवू. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता ‘ब्लॉक’ म्हणजे काय ते पाहू. समजा, वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाचे एक परिचयपान आहे. फळ्यावर एक तक्ता काढा. आडव्या ओळी पाहणाऱ्यांच्या, उभे रकाने ज्यांचे पान पाहायचे त्यांचे. स्वतःचे पान स्वतः पाहण्याची घरे सोडून दिली, तर ४० गुणिले ३९ म्हणजे १५६० घरे होतात. प्रत्येक घरात ‘१’ लिहा. १ म्हणजे पाहता येते. आता सुनीताने रमेशला ब्लॉक केले. किती घरांत ‘१’ पुसून ‘०’ लिहायचे?

बरीच मुले ‘एका’ असे उत्तर देतात. बरोबर उत्तर ‘दोन’. रमेशला सुनीताचे पान दिसणार नाही, तसेच सुनीतालाही रमेशचे दिसणार नाही. लिंक्डइनवर ब्लॉक हे असे दोन्ही बाजूंनी चालते. संगणकाच्या दृष्टीने काम अगदी साधे आहे. ब्लॉकची एक यादी ठेवलेली असते आणि तीत माणसांच्या खात्यांच्या जोड्या असतात. कोणी कोणाचे पान मागितले की ते दाखवण्याआधी संगणक त्या यादीत नजर टाकतो. ही जोडी तिथे असली, मग क्रम कोणताही असो, तर पान दिले जात नाही.

इथवर मुलांना समजते. आता तक्त्याला खाली एक एकेचाळिसावी ओळ जोडा आणि तिला नाव द्या, ‘रस्त्याने जाणारा कोणीही’. हा माणूस सभासद नाही, किंवा सभासद असला तरी आपले खाते उघडून आत आलेला नाही. तो साध्या शोधयंत्रात सुनीताचे नाव टाकतो आणि समोर येईल ते पाहतो. या ओळीतल्या ४० घरांतही, मुद्दाम बदल केला नसेल तर, ‘१’ असतो. कारण लिंक्डइन प्रत्येक पानाची एक जाहीर आवृत्ती ठेवते. तीत सगळे नसले तरी नाव, हुद्दा, कंपनी अशा ठळक गोष्टी असू शकतात.

सुनीताने रमेशला ब्लॉक केल्यावर या शेवटच्या ओळीत काय बदलले? काहीच नाही. ब्लॉकच्या यादीत खात्यांच्या जोड्या आहेत आणि रस्त्याने जाणाऱ्याला खातेच नाही. मग कोणती जोडी तपासणार? रमेशने आपल्या खात्यातून बाहेर पडायचे, म्हणजे आपली ओळ सोडून शेवटच्या ओळीत जाऊन बसायचे, की त्याला सुनीताचे जाहीर पान पुन्हा दिसू लागते. माणूस तोच, खुर्ची तीच, संगणक तोच. बदलला फक्त तक्त्यातला ओळीचा क्रमांक.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली हीच आहे. ब्लॉक माणसाला होत नाही, खात्याला होतो. आपण मात्र बोलताना ‘मी त्याला ब्लॉक केले’ असे म्हणतो आणि भाषाच आपल्याला चकवते. दाराला कडी लावताना आपण एका चेहऱ्याला अडवत असतो. संगणकाला चेहरा माहीत नाही, त्याला खाते माहीत आहे. त्या माणसाने खोट्या नावाने दुसरे खाते उघडले, तर तक्त्यात एक नवीन ओळ तयार होते आणि तिच्यात पुन्हा ‘१’. खोट्या नावाचे खाते लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही, तक्रार केल्यास ते काढले जाते, पण तक्रार करायला ते ओळखू तर यायला हवे.

म्हणून ब्लॉक निरुपयोगी आहे असे मात्र समजू नका. त्याने बरेच होते. दोघांना एकमेकांना निरोप पाठवता येत नाहीत. आधीची जोडलेली ओळख तुटते. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ अशा सूचनांत दोघे एकमेकांना दाखवले जात नाहीत. ‘पान कोणी पाहिले’ या यादीतूनही दोघांची नावे परस्परांपुरती निघून जातात. समोरच्याला ‘तुम्हाला ब्लॉक केले’ असा निरोप जात नाही. आणि पुढे ब्लॉक काढला तरी तुटलेली ओळख आपोआप जुळत नाही, नव्याने विनंती करावी लागते.

एक परिणाम मात्र असा आहे की तो माहीत नसल्याने पुष्कळांचे नुकसान होते. त्या माणसाने आपल्यासाठी लिहिलेली शिफारस आणि आपल्या कौशल्यांना दिलेला दुजोरा, दोन्ही आपल्या पानावरून जातात. माझ्या विद्यार्थिनीचे हेच दुखणे होते. तिच्या पहिल्या दोन वर्षांच्या कामाबद्दल लिहिणारा तो एकच माणूस होता. त्याला ब्लॉक केले त्या क्षणी तिच्या कामाचा तो लेखी पुरावाही गेला. ज्याने त्रास दिला त्याच्याच सहीचे प्रशस्तिपत्र, हा पेच आपल्या शाळा-महाविद्यालयांतही अनोळखी नाही. तेव्हा ब्लॉक करण्याआधी त्या पानाची, शिफारशीची आणि त्याने पाठवलेल्या निरोपांची तारखेसह चित्रे काढून ठेवावीत. नंतर ते पान आपल्यालाही दिसत नसते, कारण घरे दोन पुसली जातात!

ही सोय लिंक्डइनवर सुरुवातीपासून नव्हती, हेही सांगायला हवे. आपला छळ करणारा माणूस याच स्थळावरून आपला माग काढतो, अशी तक्रार करत एका अमेरिकी महिलेने २०१३ साली सह्यांची मोहीम चालवली. त्यानंतर फेब्रुवारी २०१४ मध्ये सभासदाला ब्लॉक करण्याची सोय आली. म्हणजे स्थळ सुरू झाल्यावर जवळजवळ अकरा वर्षांनी. व्यावसायिक ओळखीत असले काही होत नाही, असा समज तोवर असावा.

आता तर्कशास्त्राचा एक छोटा प्रश्न वर्गाला घाला. समोरच्याला सूचना जात नाही, हे खरे. पण त्याला कळू शकते का? रमेश आपल्या खात्यातून सुनीताचे पान शोधतो, सापडत नाही. याचे अर्थ दोन निघतात. तिने पान बंद केले असेल किंवा आपल्याला ब्लॉक केले असेल. मग तो खात्यातून बाहेर पडून पुन्हा शोधतो. आता पान दिसते. म्हणजे पान बंद झालेले नाही. दोन अर्थांतला एक गळाला, राहिला तो खरा. दोन निरीक्षणांत ‘गुपचूप’ केलेला ब्लॉक उघडा पडला.

सुनीताने जाहीर आवृत्ती आधीच बंद केली असती तर? तर रमेशला दोन्ही वेळा ‘नाही’ हेच उत्तर मिळाले असते आणि दोन अर्थांतला कोणता खरा हे त्याला ठरवता आले नसते. ब्लॉकला झाकून ठेवायचे काम जाहीर पान बंद करण्याने होते. विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार आवडते, गणितातल्या समीकरणासारखी वाटते. एका समीकरणावरून दोन अव्यक्ते निघत नाहीत. दुसरे समीकरण आपणच त्याच्या हातात द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न.

जाहीर पान बंद करण्याची सोय लिंक्डइनच्या मांडणीतच आहे. सगळे पान बंद करता येते, किंवा छायाचित्र, हुद्दा, आधीच्या नोकऱ्या असे एकेक भाग झाकता येतात. फक्त शोधयंत्रांनी आधी करून ठेवलेल्या नोंदी लगेच पुसल्या जात नाहीत, त्याला काही काळ जातो. आपल्या ओळखींची यादी इतरांना दिसू द्यायची की नाही, हेही ठरवता येते. ही यादी उघडी ठेवण्याचे मला तरी कारण दिसत नाही. मिलग्रॅमची पाकिटे आठवा. माग काढणाऱ्याला आपल्यापर्यंत यायला मधली एक-दोन माणसे पुरतात आणि त्यांची नावे आपणच लिहून दिलेली असतात. ब्लॉक झालेल्या माणसाला समाईक मित्राचे पान दिसतेच. त्या मित्राने ‘आमच्या नव्या सहकारी’ म्हणून एखादे छायाचित्र टाकले की झाले.

क्रमालाही महत्त्व आहे. ब्लॉक करायला सामान्यतः त्या माणसाच्या पानावर जावे लागते आणि तिथे गेलो की ‘पान कोणी पाहिले’ यादीत आपले नाव उमटू शकते. म्हणून आधी पाहण्याची पद्धत ‘खासगी’ करावी, म्हणजे नाव न उमटता जाता येते. मग चित्रे काढून ठेवणे, मग जाहीर पान आणि ओळखींची यादी झाकणे, आणि ब्लॉक सर्वांत शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे करतात, रागाच्या भरात आधी ब्लॉक. तेही समजण्यासारखे आहे. पण रागाच्या भरात ब्लॉक काढून पुन्हा लावायला गेलात, तर त्याच माणसाला परत ब्लॉक करण्यासाठी ४८ तास थांबावे लागते, हे माहीत असलेले बरे.

इथे धुळ्याच्या एका संस्थेची आठवण होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून जुनी पत्रे जमवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. त्यांतली पुष्कळ पत्रे एकाने एकालाच लिहिलेली होती. लिहिणाऱ्याच्या मनात वाचणारा एकच होता. पण कागद एकदा हातून सुटला की तो कोणाच्या दप्तरात जाऊन पडेल आणि दीडशे वर्षांनी कोण वाचील, हे लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही. इतिहासाला त्याचा फायदाच झाला. मात्र तेव्हा कागद पोचायला पिढ्या लागल्या, आता प्रत निघायला क्षण पुरतो.

लिंक्डइनच्या जाहीर पानांच्या अशा प्रती यंत्रांकडून घाऊक प्रमाणात काढल्या जातात. जून २०२१ मध्ये सुमारे ७० कोटी सभासदांची माहिती विक्रीला ठेवल्याचे उघड झाले. आमच्या संगणकात कोणी शिरले नाही, लोकांना दिसणारी माहितीच गोळा केली गेली, असे कंपनीचे म्हणणे होते. दिसणारी माहिती गोळा करावी की नाही यावर लिंक्डइन आणि हायक्यू लॅब्ज या कंपनीचा अमेरिकेत २०१७ पासून २०२२ पर्यंत खटला चालला. तुम्ही-मी कोणाला ब्लॉक केले आहे, याचा त्या प्रतींशी काडीचा संबंध नाही. प्रत निघाली ती एकेचाळिसाव्या ओळीतून.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, स्त्रीने स्पष्ट नाराजी दाखवल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणे, किंवा ती इंटरनेट, ईमेल कसे वापरते यावर पाळत ठेवणे, हा गुन्हा आहे. पहिल्यांदा सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्लॉक करणे ही नाराजीची एक खूण झाली, पण त्याआधी ‘यापुढे मला संपर्क करू नका’ असा एक स्पष्ट निरोप पाठवून त्याची प्रत ठेवली, तर पोलिसांपुढे तो अधिक उपयोगी पडतो.

आता तिच्या प्रश्नाकडे. भाऊबीजेनंतर ती पुन्हा आली तेव्हा आम्ही माझ्या घरच्या संगणकावर, कोणाच्याही खात्यात न जाता, तिचे नाव शोधले. पहिल्याच ओळीत तिचे लिंक्डइनचे जाहीर पान आले. नाव, खाली नवा हुद्दा, नवी कंपनी. कार्यालयाचा ईमेल पत्ता त्यात नव्हता, पण तो कळायला काय लागते? पुष्कळ कंपन्यांत नाव, टिंब, आडनाव आणि पुढे कंपनी अशी ठरलेली घडण असते. एकाचा पत्ता माहीत असला की सगळ्यांचे करता येतात. ते पान आम्ही तिथल्या तिथे झाकले.

मग मी सहज तिच्या नावापुढे तिच्या गावाचे नाव टाकून शोधले. दुसरे पान उघडले आणि मी गप्प झालो. ते आमच्याच संस्थेचे होते. ‘आमच्या माजी विद्यार्थिनीचे हार्दिक अभिनंदन’, तिचे छायाचित्र, कंपनीचे नाव, शहराचा भाग, रुजू होण्याची तारीख. मजकूर मी लिहिलेला होता. तिच्या वडिलांनी फोनवर बातमी सांगितली, मी आनंदाने पान तयार केले आणि तिला विचारण्याचे सुचलेही नाही. चौकाचौकांत क्लासवाल्यांचे फ्लेक्स आपण पाहतो, त्यांना नावे ठेवतो. मी त्याहून वेगळे काय केले होते? तो फ्लेक्स निदान पावसाळ्यात फाटतो.

त्या माणसाने कोणत्या खिडकीतून पाहिले, हे कळायला मार्ग नाही. दोन्ही उघड्या होत्या. तिने काही बोलून दाखवले नाही. “असू द्या सर, तुम्हाला काय माहीत,” एवढेच म्हणाली आणि उरलेला चहा संपवला.

ते पान मी त्याच रात्री काढले. त्यानंतर अशा बाकीच्या तेवीस जणांना फोन केले आणि तुमचे पान राहू द्यायचे का, असे विचारले. सोळा जण म्हणाले, राहू द्या. चौघांनी कंपनी आणि शहर काढून फक्त नाव ठेवायला सांगितले. दोघींनी पूर्ण काढायला सांगितले, कारण मी विचारले नाही. एकाचा फोन लागलेला नाही, त्याचे पान सध्या उतरवून ठेवले आहे.